‘लक्ष नाही’ हा शेरा कोणाचा?

शाळेच्या प्रगतिपुस्तकात वर्गशिक्षकाच्या शेऱ्यासाठी एक अरुंद रकाना असतो. त्या रकान्यात गेल्या कित्येक पिढ्या जी चार-दोन वाक्ये आलटून पालटून लिहिली जात आहेत, त्यांत ‘अभ्यासात लक्ष नाही’ या वाक्याचा क्रमांक बराच वर लागेल. वाक्य लहान आहे, पण त्याचे स्वरूप निवाड्याचे आहे. ते लिहिताच लिहिणाऱ्याची जबाबदारी संपते, वाचणाऱ्या पालकाची सुरू होते आणि पुष्कळ घरांत तीही दोन चपराकांत संपते. ज्याच्याविषयी हे सारे चालले त्या सहा-सात वर्षांच्या मुलाला मात्र ‘लक्ष देणे’ म्हणजे नेमके काय करावयाचे, हे ना शाळेने सांगितलेले असते, ना घराने.

काही वर्षांपूर्वीपर्यंत या शेऱ्याची मुलाला फारशी किंमत मोजावी लागत नसे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, तेव्हा आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवू नये असे बंधन त्यात होते. २०१९ च्या दुरुस्तीने तो निर्णय राज्यांवर सोपविला आणि महाराष्ट्राने डिसेंबर २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा ठेवली. त्या परीक्षेत आणि नंतरच्या फेरपरीक्षेतही जो उत्तीर्ण होणार नाही, त्याला त्याच वर्गात बसावे लागते. परीक्षा असावी की नसावी हा वाद येथे नको. त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु पाचवीत नापास होणारे मूल पाचवीत नापास होत नाही, ते पहिली-दुसरीत होते, ही गोष्ट त्या वादात हरवते. पहिल्या दोन वर्षांत ज्याला अक्षरावर नजर ठरविता आली नाही ते तिसरीत वाचू शकत नाही. आणि ज्याला वाचता येत नाही त्याला परिसर अभ्यास काय आणि गणित काय, सारखेच दुर्बोध असते. म्हणून पहिलीच्या वर्गातील मुलाचे लक्ष का लागत नाही, हा आता केवळ बालमानसशास्त्राचा विषय राहिलेला नाही.

करडीच्या शिवारातून पाहिले तर

या प्रश्नाकडे शहरातील मध्यमवर्गीय घरातून पाहिले तर दूरचित्रवाणी, मोबाइल आणि शिकवणी एवढ्यांतच चर्चा फिरत राहते. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील करडी आणि तिच्या परिसरातील गावांतून पाहिले तर तो निराळा दिसतो. हा मुलूख भाताचा. तलाव-बोड्यांचा, बांध्यांचा, आणि जवळच्या जंगलावर मोहफुले व तेंदूपत्ता यांच्यासाठी काही अंशी विसंबणारा. येथील शाळेच्या वर्षाला आणि शेतीच्या वर्षाला एकमेकांची ओळखच नसावी अशा रीतीने दोन्ही चालतात.

विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठवडा-दहा दिवस उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास उघडतात. पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात रुळू लागते न लागते तोच रोवणी सुरू होते. पऱ्हे वेळेवर लागले पाहिजेत; पाऊस कोणासाठी थांबत नाही. त्या पाच-सहा आठवड्यांत गावातील बहुतेक बाया सकाळीच बांधीत उतरलेल्या असतात. आई घरातून निघते त्या वेळी मूल झोपलेले तरी असते, किंवा नुकते उठलेले. चुलीवर रात्रीचा भात असेल तर ते खाते, नसेल तर तसेच दप्तर उचलते. आणि धाकटे भावंड असेल तर दप्तरही उचलत नाही. म्हणजे ज्या दोन महिन्यांत शाळेची सवय लागावयाची, पाटीवर हात बसावयाचा, शिक्षकाचा चेहरा ओळखीचा व्हावयाचा, नेमक्या त्याच दोन महिन्यांत घराकडून मुलाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. याचा दोष आईला देणे हा निव्वळ निर्दयपणा होईल. रोवणीच्या मजुरीवर तिचे वर्षभराचे कितीतरी देणे-घेणे अवलंबून असते.

‘लक्ष’ ही वस्तू दुर्मिळ आहे, हा विचार अर्थशास्त्राला नवा नाही. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच असे मांडले होते की माहितीची विपुलता झाली म्हणजे लक्षाचे दारिद्र्य निर्माण होते. कारण माहिती जे खाते ते ऐकणाऱ्याचे लक्षच असते. सायमन यांना १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्यांच्या विधानाचा रोख समृद्ध समाजाकडे होता. दरिद्री समाजात लक्ष कशाने खाल्ले जाते, याचे उत्तर सेंधिल मुल्लैनाथन व एल्डार शाफिर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून पुढे आले. तमिळनाडूतील ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांनी तीच ती बौद्धिक कोडी दोनदा घातली: एकदा कापणीपूर्वी हातात पैसा नसताना, आणि एकदा कापणीनंतर हाती पैसा आल्यावर. तीच माणसे, तीच बुद्धी. पण चणचणीच्या दिवसांत त्यांची उत्तरे स्पष्टपणे निकृष्ट होती. चिंता माणसाच्या डोक्यातील जागा अडविते. जी गोष्ट कर्त्या पुरुषाची, तीच त्याच्या घरातील लेकराची नसेल असे मानावयास आधार नाही.

भुकेचा तास

तेव्हा लक्षाचा विचार पोटापासून सुरू करणे भाग आहे. शालेय पोषण आहाराची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशभर सुरू झाली. आरंभी कित्येक राज्यांत, महाराष्ट्रातही, मुलांना ऐंशी टक्के हजेरीवर महिन्याकाठी तीन किलो तांदूळ घरी दिला जाई. तो तांदूळ घरात गेला की घराचा होई. आणि ते स्वाभाविकच होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शिजविलेले अन्नच शाळेत द्यावे असे बजावले, आणि त्यानंतर आपल्याकडे खिचडीची पातेली शाळेत आली. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, असे तिचे प्रमाण ठरलेले आहे. तनिका चक्रवर्ती व राजश्री जयरामन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, पाच वर्षांपर्यंत या आहाराचा लाभ मिळालेल्या मुलांचे वाचनातील गुण अत्यल्प काळ लाभ मिळालेल्यांपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळले. खिचडीची टवाळी करण्याची आपल्या सुशिक्षितांना सवय आहे. तिने केलेल्या कामाची मोजदाद ठेवण्याची नाही.

परंतु खिचडी मिळते दुपारी. शाळा भरते साडेदहाच्या सुमारास. मधले दोन-अडीच तास, ज्यांत भाषा आणि गणित शिकविले जावे असे वेळापत्रकात मांडलेले असते, ते अनेक मुलांच्या बाबतीत आदल्या रात्रीच्या जेवणावर चालतात. न्याहारी चुकली तर धडधाकट मुलाला फारसा फरक पडत नाही. आधीच अशक्त असलेल्या मुलाच्या आकलनावर मात्र तिचा परिणाम दिसतो, असे सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जमैकात १९८० च्या दशकातच दाखवून दिले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६७ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. हीच बालके वर्ष-दोन वर्षांत पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. रक्तात लोह कमी असलेले मूल दंगा करीत नाही, मारामारी करीत नाही. ते भिंतीला टेकून बसते. शिक्षकाला ते शहाणे वाटते. पूर्व विदर्भात त्यात सिकलसेलची भर आहे. त्या आजाराच्या मुलाला अधूनमधून अंगदुखीचे झटके येतात, चार-चार दिवस शाळा बुडते, आणि परत आल्यावर धडा पुढे गेलेला असतो.

याच जमैकातील १९९६ चा एक अभ्यास अधिक विचार करावयास लावणारा आहे. तेथील चार ग्रामीण शाळांत मुलांना न्याहारी दिली गेली आणि वर्गातील त्यांचे वर्तन टिपले गेले. ज्या शाळेत वर्ग स्वतंत्र होते आणि प्रत्येकाला बसावयास नीट जागा होती, तेथे न्याहारीनंतर मुलांचे कामातील लक्ष वाढले. ज्या शाळांत एकाच दालनात गर्दीने अनेक वर्ग भरत होते, तेथे न्याहारी झाल्यावर मुले उलट अधिक बोलू लागली आणि कामातील लक्ष घटले. अन्नाने अंगात शक्ती येते. ती शक्ती कोठे खर्च होईल हे वर्ग ठरवितो. केवळ पातेले चढविले की काम झाले, असे समजणाऱ्यांनी आणि केवळ अध्यापनपद्धती बदलली की काम झाले, असे समजणाऱ्यांनी, दोघांनीही हा निष्कर्ष ध्यानात घ्यावा असा आहे.

झोप, डोळे आणि कान

पोटानंतर झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप हवी, असे वैद्यक सांगते. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला, आणि तो योग्यच होता. परंतु मार्च २०२५ च्या अखेरीस उष्म्यामुळे प्राथमिक शाळा सकाळी ७ ते ११.१५ भराव्यात असाही आदेश निघाला. भंडाऱ्याचे ऊन पाहता त्यालाही नावे ठेवता येत नाहीत. मात्र हेच दिवस मोहफुलांचे. मोह पहाटे गळतो. गुरांच्या आणि जनावरांच्या आधी वेचावयाचा तर अंधारात निघावे लागते, आणि लहान हातांना वाकण्याचे श्रम कमी पडतात म्हणून मुलेही सोबत असतात. चारला उठलेले मूल सातला शाळेत बसले तर दहाच्या सुमारास त्याच्या पापण्या मिटू लागणारच. त्या वेळी त्याच्या अंगावर खडूचा तुकडा भिरकावणे हा शिस्तीचा प्रकार नव्हे. त्या मुलाला मागच्या भिंतीजवळ सतरंजीवर वीस मिनिटे झोपू देणारा शिक्षक त्या दिवशी त्याला अधिक शिकवील.

रात्रीच्या जागरणाचे दुसरे कारण मोबाइल. तो आता खेड्यातही घरोघर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या बालकांसाठी पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक असू नये असे सांगितले. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला बदलणाऱ्या चित्रांची ज्या डोळ्यांना सवय झाली, त्यांना फळ्यावरचे स्थिर अक्षर निर्जीव वाटणार, हे उघड आहे. तरीही मोबाइल हा या खटल्यातील सर्वांत सोयीचा आरोपी आहे, हेही नमूद केले पाहिजे. तो घरोघर पोचण्याच्या कितीतरी आधीपासून प्रगतिपुस्तकात तोच शेरा लिहिला जात होता.

डोळे आणि कान यांच्याविषयी तर बोलावयासच नको, इतकी त्यांची उपेक्षा होते. ज्याला दूरचे दिसत नाही ते मूल फळ्याकडे पाहणे सोडून शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहते आणि ‘नक्कल करतो’ म्हणून मार खाते. ज्याचा कान वाहतो त्याला पावसाळ्यात निम्मेच ऐकू येते. हाक मारली तर ते वळत नाही आणि ‘मुद्दाम करतो’ असे ठरते. आपल्याला कमी दिसते किंवा कमी ऐकू येते, हे सहा वर्षांच्या मुलाला स्वतःला कळत नसते. जग सर्वांना असेच दिसते अशी त्याची समजूत असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याच्या पथकाने अंगणवाडीतील बालके वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुले एकदा तपासावीत अशी व्यवस्था आहे. पथक येऊन गेले, नोंदवही भरली, पण चष्मा मुलाच्या नाकावर आला की नाही, हे विचारण्याचा अधिकार पालकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला आहे. तो वापरला जात नाही. शिक्षकाने जून-जुलैत एवढे जरी केले, की प्रत्येक मुलाला दाराशी उभे करून फळ्यावरचे चित्र ओळखावयास लावले आणि पाठीमागून हलक्या आवाजात नाव घेऊन पाहिले, तर ‘लक्ष नसलेल्यां’ची यादी काही नावांनी लगेच आखूड होईल.

परकी वाटणारी मराठी

करडीच्या परिसरात आणखी एक गोष्ट आड येते, तिचा उल्लेख पुण्या-मुंबईच्या चर्चेत क्वचित होतो. हा झाडीपट्टीचा मुलूख. येथील मुलाची घरची भाषा झाडीबोली असते; काही घरांत ती पोवारी, गोंडी किंवा हिंदीही असते. झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, ‘श’चा ‘स’ होतो. डोळा हा डोरा असतो आणि पाणी हे पानी. ही भाषा अशुद्ध नाही, तिला स्वतःचे व्याकरण आहे, हे साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी आयुष्य वेचून दाखविले. परंतु पहिलीच्या वर्गात मूल तोंड उघडते तेच मुळी ‘चुकीचे’ ठरण्यासाठी. पाठ्यपुस्तकातील वाक्य ऐकून त्याचा घरच्या बोलीत अर्थ लावीपर्यंत शिक्षकाचे तिसरे वाक्य सुरू झालेले असते. दोनदा चुकीचे ठरल्यावर शहाणे मूल गप्प बसते आणि खिडकीबाहेर पाहते. आरंभीचे काही महिने गोष्ट, हाक, सूचना मुलाच्या बोलीत होऊ दिल्या आणि प्रमाण मराठी हळूहळू तिच्या शेजारी आणून बसविली, तर प्रमाण भाषेचे काही नुकसान होणार नाही.

हेच मूल शाळेबाहेर पाहावे. धुऱ्यावर बसून ते पाण्यातील मासोळीच्या हालचालीकडे पाऊण तास श्वास रोखून पाहू शकते. लोंब्यांवर उतरणारी पाखरे उडविताना त्याची नजर एका क्षणासाठी ढळत नाही. चाळीस गुरांतून आपले वासरू ते दुरून ओळखते. लक्ष देण्याची शक्ती त्याच्यात नाही असे म्हणणे म्हणूनच खरे नव्हे. ती शक्ती शाळेच्या उंबरठ्याशी का थबकते, एवढाच प्रश्न आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या सॅन लॉरेन्झो या दरिद्री वस्तीत बालगृह उघडले. भोकांच्या लाकडी ठोकळ्यात दट्टे बसविण्यात एक तीन वर्षांची मुलगी अशी रंगून गेलेली त्यांना दिसली, की तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली आणि भोवती इतर मुलांना गाणी म्हणावयास लावली तरी तिने तीच कृती चाळीसहून अधिक वेळा केली. हाताला काम आणि कामाला आपल्या ताकदीचा शेवट दिसत असेल तर लहान मूलही एकाग्र होते, हा धडा त्यांनी त्यावरून घेतला.

महाराष्ट्रात हा धडा ताराबाई मोडकांनी गिरविला, आणि तो खेड्याच्या ऐपतीत बसविला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करून आलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले; पुढे १९५७ मध्ये अनुताई वाघ यांच्यासह त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, आली तर टिकत नाहीत, असा अनुभव आल्यावर त्यांनी मुलांना दोष देण्याऐवजी शाळाच उचलून मुलांकडे नेली. पाड्यातील अंगणात अंगणवाडी भरली आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच कुरणशाळा. परदेशी बनावटीच्या महाग साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, दगड आले. गुरांवर नजर ठेवून अक्षरे शिकणाऱ्या मुलाचे लक्ष दोन ठिकाणी विभागलेले असणार, हे त्या दोघींना दिसत नव्हते असे नाही. पण मुलाच्या आयुष्याशी शाळेची वेळ जुळविली की लक्षाचा अर्धा प्रश्न सुटतो, हे त्यांना कळले होते. ‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे सरकारने उचलला. कुरणशाळेमागचा विचार मात्र मागेच राहिला.

एका शिक्षकाचे दोन तास

आता वर्गाचा हिशेब मांडू. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास शिकविणे अपेक्षित आहे, म्हणजे दिवसाला चार तास. साठपर्यंत पट असलेल्या शाळेला दोन शिक्षक. चार वर्ग आणि दोन शिक्षक, म्हणजे एकाकडे दोन वर्ग. म्हणजे प्रत्येक वर्गाच्या वाट्याला शिक्षकाचे दोन तास. त्यांतील एक शिक्षक प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या कामाला, जनगणनेला किंवा माहिती भरावयास गेला, की प्रत्येक वर्गाला एक तास. उरलेल्या वेळात पहिलीची मुले ‘फळ्यावरचे उतरवून काढा’ या कामावर असतात. ज्याला अक्षर येत नाही त्याच्या दृष्टीने ती चित्रे उतरवून काढणे असते, आणि तेही तपासले जात नाही. ज्या मुलाकडे शिक्षकाचे चार तासांपैकी दोन तास लक्ष नाही, त्याने चारही तास लक्ष द्यावे अशी अपेक्षा केली जाते. लक्ष हे एकतर्फी देण्याचे चलन नव्हे; बालक ते घेऊन मगच परत करते.

यावर उपाय सांगणारा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. ‘प्रथम’ संस्थेने मुंबई व वडोदरा येथील महापालिका शाळांत बालसखीचा कार्यक्रम राबविला. तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले वेगळी काढावयाची आणि वस्तीतीलच शिकलेल्या एखाद्या तरुणीने त्यांना रोज दोन तास, त्यांना जेथून येते तेथून शिकवावयाचे. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची तुलनात्मक परीक्षा केली. गुणांत स्पष्ट वाढ आढळली आणि ती सर्वांत मागे असलेल्या मुलांत सर्वाधिक होती. बॅनर्जी व डफ्लो यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्या कोलकाता व पॅरिसच्या घराण्यांविषयी रकाने भरले. मुंबईच्या बालसखीची आठवण थोड्यांनीच केली. त्या प्रयोगातील मुले ‘लक्ष नसलेली’ म्हणूनच ओळखली जात असणार. शिक्षण त्यांच्या पातळीवर खाली आणताच लक्ष वर आले. समजत नसलेल्या गोष्टीकडे दोन तास लक्ष देणे मोठ्या माणसाला जमत नाही. अर्थसंकल्पावरील भाषण ऐकणाऱ्या सभागृहाकडे पाहावे.

बालसखीसाठी फार खर्च लागत नाही. बारावी किंवा पदवी होऊन घरी बसलेल्या मुली करडीसारख्या गावात आहेत. ग्रामपंचायतीने मानधन दिले, शाळेने एक कोपरा दिला, तर दोन वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाचे तास दोनाचे तीन होतात. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये मांडला; त्याने शिक्षकांची संख्या कागदावर भरून निघेल. पण सहा वर्षांच्या मुलाला भर पावसात दुसऱ्या गावी पोचवून, दमलेल्या अवस्थेत त्याला वर्गात बसविल्यावर त्याच्या लक्षाची अपेक्षा कोणत्या आधारावर करावयाची, हे त्या विचारात आलेले दिसत नाही.

शिक्षकाच्या हाती असलेल्या काही गोष्टींना तर आदेशही लागत नाही. पहिलीच्या मुलाला एका वेळी एकच सूचना द्यावी. ‘पुस्तक काढा, पान दहा उघडा, चित्र पाहा आणि खाली लिहा’ यांतली पहिलीच त्याच्या कानात राहते. दहा-पंधरा मिनिटांच्या बैठ्या कामानंतर उभे राहून टाळ्यांचे गाणे, अंगणाला एक फेरी. चुळबुळ करणारे मूल मागे नव्हे, पुढे बसवावे, आणि त्याचे नाव चुकीच्या वेळी घेतले जाते त्यापेक्षा अधिक वेळा बरोबर वेळी घेतले जावे. पाणी आणणे, पाट्या वाटणे ही कामे नेहमी हुशार मुलाला देण्याचा प्रघात आहे. ती त्याला अधिक उपयोगाची. मारण्यास कायद्याच्या १७ व्या कलमाने बंदी आहे, ती कायद्याच्या भीतीने पाळली तरी हरकत नाही. भेदरलेल्या मुलाचे सारे लक्ष छडीकडे लागते, अक्षरासाठी त्यातले काही उरत नाही.

घरी आई-बापांनी काय करावे, असे विचारले जाते. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही त्यांना ‘अभ्यास घ्या’ म्हणणे ही थट्टा होते. परंतु रात्री भाकर खाताना ‘आज मास्तरांनी काय सांगितले?’ असे विचारून उत्तर संपेपर्यंत ऐकणे, ठरलेल्या वेळी मोबाइल फळीवर ठेवणे, बी-बियाणे मोजावयास आणि बाजारातून आणलेल्या वस्तूंचा हिशेब जुळवावयास मुलाला सोबत घेणे, हे निरक्षर घरातही होते. मोजणी अर्धवट सोडून पळू न देणे, हीच एकाग्रतेची तालीम आहे. ‘आमचा तर ढच’ हे वाक्य मुलाच्या देखत पाहुण्यांना ऐकविण्याचे बंद झाले तरी पुष्कळ.

अलीकडे शहरांत प्रत्येक चंचल मुलाला एडीएचडी हे नाव चिकटविण्याची घाई दिसते. हा विकार खरा आहे आणि काही मुलांना वैद्यकीय मदतीची खरोखर गरज असते. मात्र त्याचे निदान करताना लक्षणे किमान सहा महिने आणि घर, शाळा, खेळ अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात, वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी ती सुरू झालेली असावी लागतात, हे विसरले जाते. शाळेत भिरभिरणारे आणि धुऱ्यावर तासभर स्थिर बसणारे मूल बहुधा त्या व्याख्येत बसणार नाही. याउलट खेड्यात ज्याला खरोखर तो विकार आहे, त्याला ‘द्वाड’ म्हणून शाळेतून बाहेर काढले जाते. दोन्ही ठिकाणी तपासणीचे काम शेरा करतो.

राहिला पैशाचा प्रश्न. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दुपारच्या जेवणाखेरीज सकाळी पौष्टिक न्याहारी द्यावी, कारण त्यानंतरचे तास अवघड विषयांना विशेष अनुकूल असतात, असे स्वच्छ शब्दांत म्हटले. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी ती सुरूही केली. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरविले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबविला. राज्याकडून न्याहारी येईल तेव्हा येवो. करडी परिसरातील एखाद्या शाळेत पहिली-दुसरीची मिळून तीस मुले धरली, त्यांना रोवणीच्या हंगामातील ४५ शाळेचे दिवस सकाळी प्रत्येकी ५० ग्रॅम तांदळाची पेज व सोबत थोडी डाळ दिली, तर साडेसदुसष्ट किलो तांदूळ लागतो. भात पिकविणाऱ्या गावाच्या दृष्टीने हे पाऊण क्विंटलही नव्हे. शेगडी शाळेत आहे, पातेली आहेत, स्वयंपाक करणारी बाई आहे. तिला तासभर आधी यावे लागेल आणि रोवणीची मजुरी सोडून यावे लागेल. तो मोबदला ठरला पाहिजे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घेतला तर रोवणी उरकलेली असेल. त्यासाठी १ मेची सभा गाठावी लागते, आणि त्या दिवसांत निम्मे गाव तेंदूपत्त्याच्या मागे असते.